सृष्टीकथा कुणाच्या सातबाऱ्यावर आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच भागांची कल्पनारम्य मालिका लिहायची आहे. त्याआधी जगाची उत्पत्ती पक्की असावी म्हणून चाळीस पानं लिहून झाली आहेत. त्यात तेरा देव, त्यांची वंशावळ, उजेड आणि अंधाराचं महायुद्ध आणि त्यातून झालेली पृथ्वी एवढं आलंय. वाचलेले मित्र म्हणतात, ‘छान आहे, पण पुराण वाचल्यासारखं वाटतं.’ एकाने पंधराव्या पानावर सोडून दिलं. आता पुढे काय करावं, आणि यातलं पुस्तकात किती घालावं?

तुमची पानं मी दोनदा वाचली. मित्रांचं निदान चुकलंय असं मला वाटतं. पुराण वाचल्यासारखं वाटलं असतं तर कुणी पंधराव्या पानावर थांबलं नसतं. पुराणात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी कारणाने सांगत असतं. नैमिषारण्यात यज्ञाचं सत्र चालू आहे, कथा सांगणारा सूत आलाय, ऋषी त्याला विचारताहेत, मध्येच कुणाला शंका येते, मग मूळ गोष्ट बाजूला राहते आणि तिसरीच सुरू होते. तुमच्या चाळीस पानांत सांगणाराच नाही. देवांची नावं, पदं आणि खाती ओळीने येतात. ते पुराण वाटत नाही, जिल्ह्याचं गॅझेटियर वाटतं.

वीसेक वर्षं मी असलीच जगं रचते आणि दुसऱ्यांनी रचलेली दुरुस्त करते. एवढ्या काळात माझ्या हाती एकच किल्ली लागली, ती देते. सृष्टीकथेकडे सातबारा म्हणून पाहा. जमीन कुणाची, पाणी कुणाचं, कोण आधी आलं, पंगतीत वर कुणी बसायचं आणि उष्टी कुणी काढायची, हे सगळं त्या कथेत नोंदलेलं असतं. ‘आरंभी काय होतं’ ही नुसती प्रस्तावना. खरा मजकूर कब्जेदाराच्या रकान्यात असतो. आणि सातबाऱ्याला जसे फेरफार असतात, तसे कथेलाही असतात. कादंबरीकाराचं पोट त्या फेरफारांवर भरतं.

प्राचीन इराकमधल्या बाबिलोन शहराचं उदाहरण घ्या, कारण तिथे हे फार उघडं दिसतं. ‘एनुमा एलिश’ हे त्यांचं सृष्टिकाव्य मातीच्या सात पाट्यांवर आहे. सुरुवातीला गोडं पाणी अप्सू आणि खारं पाणी तियामत एकमेकांत मिसळलेली असतात. त्यांच्यातून देव होतात, देवांचा गोंगाट होतो, भांडण लागतं. तियामत चवताळून उठते तेव्हा जुने देव मागे सरतात आणि तरुण मर्दुक पुढे येतो. पण फुकट येत नाही. आधी करार करून घेतो : मी लढतो, पण मग माझा शब्द सगळ्यांच्या वर. देव मेजवानीला बसतात, पितात, आणि मान्य करतात. मग मर्दुक तियामतला मारतो, सुकवायला मासळी चिरावी तशी उभी चिरतो आणि अर्ध्या भागाचं आभाळ करतो. तिच्या बाजूने लढलेल्या किंगूच्या रक्तापासून माणूस होतो, आणि होतो कशासाठी, तर देवांची कामं करायला. शेवटी देव मर्दुकसाठी बाबिलोन बांधतात आणि त्याची पन्नास नावं घेतात.

म्हणजे जग कसं झालं हे सांगता सांगता काय सिद्ध झालं? आमचं शहर जगाच्या मध्यावर आहे, आमचा देव इतरांचा मालक आहे, आणि तुम्ही राबायलाच जन्मलात. नववर्षाच्या अकितु उत्सवात चौथ्या दिवशी हे काव्य देवासमोर म्हटलं जाई. माझा आवडता भाग याच्या पुढे आहे. शेजारच्या अश्शूर राज्यातल्या काही प्रतींमध्ये हेच काव्य सापडतं, पण मर्दुकच्या जागी अश्शूर देव बसवलेला आहे. सरळ सरळ फेरफार! एका नावावरची सृष्टी दुसऱ्याच्या नावावर चढवली.

इजिप्तमध्ये तर एका नदीकाठी तीन शहरांच्या तीन उत्पत्ती होत्या. हेलिओपोलिसला अतूमपासून सगळं झालं, मेम्फिसला प्ताहने मनात आणलं आणि तोंडाने उच्चारलं तेव्हा झालं, हर्मोपोलिसला आधी आठ जण होते. या तिन्ही शेजारी शेजारी नांदल्या. आपल्याला मात्र नवं जग रचताना वाटतं की खरी उत्पत्ती एकच असली पाहिजे आणि ती लेखकाला ठाऊक असली पाहिजे. हा शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाचा संस्कार आहे, लोककथेचा नाही.

आणि लांब जायचं कारणच काय? बलिप्रतिपदेला आपल्याकडे बाया ओवाळताना म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ त्याच घरात वामनाची गोष्टही सांगतात, वामन देव आहे आणि त्याने बळीला पाताळात घातलं हे सगळ्यांना मान्य असतं. तरी मागणं मात्र बळीच्या राज्याचं. हरलेल्याचा सातबारा रद्द झाला, पण माजघरात कुणीतरी त्याची नक्कल जपून ठेवली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हीच नक्कल बाहेर काढून वामनावर उलटतपासणी केली. तुमच्या तेरा देवांच्या महायुद्धात अंधार हरतो. हरकत नाही. पण तुमच्या जगात सणाच्या दिवशी अंधाराचं राज्य परत मागणारी म्हातारी कुठे आहे?

कथा रचायला सुरुवात कुठून करायची, तर आभाळाकडे न पाहता नकाशाकडे पाहून. नकाशात विचित्र काय आहे ते शोधा. बुलढाणा जिल्ह्यात बेसाल्टच्या सपाट पठारावर लोणारचं विवर आहे, व्यास साधारण १.८ किलोमीटर, तळाशी खारट पाणी. उल्का पडून ते झालं हे आपल्याला अलीकडे कळलं. लोकांना दोनच गोष्टी दिसत होत्या : एवढा खड्डा कसा, आणि पाणी खारं का? कथेने दोन्हींना एका दमात उत्तर दिलं. इथे जमिनीखाली लवणासुर राहायचा, विष्णूने त्याला मारलं. नावातच लवण. ज्या रूपाने मारलं त्या दैत्यसूदनाचं देऊळ आजही गावात आहे. खड्डा, चव, देऊळ आणि गावाचं नाव एका गाठीत. हे कसब शिकण्यासारखं आहे.

कोकणात परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, आणि गोव्यात बाणावली हे नावच त्या बाणावरून आलं असं सांगतात. केरळात जा, तीच कथा, पण तिथे त्याने परशू फेकला. किनारा तोच, समुद्र तोच, हत्यार बदललं. तुमच्या जगात दोन राज्यांची सीमा असेल तर असा एखादा फरक ठेवून द्या आणि त्यावर एक शब्दही बोलू नका. चौथ्या भागात दोन सैनिक शेकोटीपाशी त्यावरून हमरीतुमरीवर येतील.

आता प्रत्यक्ष करून दाखवते. एक कोरडं पठार समजा. नदी नाही, एकच मोठं तळं. तळ्याच्या बांधावर ओंजळे राहतात, पाणी वाटायचा हक्क त्यांचा. खाली माळावर मेंढके. ओंजळ्यांचा पुजारी पावसाळ्याच्या आदल्या दिवशी बांधावर उभा राहून सांगतो, बाकी सगळे खाली उभे :

‘आधी दगड होता. दगडाला तहान होती. पाणी नव्हतं, पण तहान होती. मग दोन हात आले. हातांची ओंजळ झाली. ओंजळीला रितं राहवेना, म्हणून पाणी आलं. ज्याचे ते हात, तो आमचा मूळपुरुष.’

एवढंच. सात वाक्यं. रात्री माळावर मेंढरांच्या वाड्यापाशी म्हातारा मेंढका पोरांना जागं ठेवायला सांगतो ती अशी :

‘दगडावर मेंढी उभी होती. कुठून आली म्हणून विचारू नको, मेंढी मेंढीतूनच येते. तिने खूर आपटला, पाणी उडालं. ती प्याली, तिची कोकरं प्याली. मग हातवाला आला. म्हणाला, अरे, सांडतंय की सगळं! आणि त्याने भोवती भिंत घातली.’

दोन्ही कथांना दगड आणि पाणी मान्य आहे. भांडण फक्त कब्जेदाराच्या रकान्याचं. आणि तिसरी नक्कल जात्यापाशी असते, ती पुरुषांना पूर्ण माहीतच नसते :

पहिली माझी ओवी गं, तहान बाई बाळंतीण
भरल्या ओंजळीपाशी तिला पाजायाला कोण

इथे तहान ही बाई झाली. दगडाला तहान लागली होती असं नाही, दगडाशी एक बाळंतीण बसली होती आणि तिला कुणी पाणी दिलं नाही. वरच्या दोन्ही कथांमधून ती गायब आहे.

आता या तीन तुकड्यांमधून काय काय पाझरतं ते बघा. ओंजळे चारचौघांत भांड्याने पाणी पीत नाहीत, हातानेच पितात, कितीही थंडी असो. पाणीचोराला शिक्षा म्हणजे त्याचे दोन्ही अंगठे बांधून टाकायचे, म्हणजे ओंजळ होणार नाही. शपथ ‘माझी ओंजळ फुटो’. शिवी ‘गळक्या हाताचा’. मेंढके पाणी पिण्याआधी टाच जमिनीवर आपटतात, आणि शहरात आलेला मेंढका ती सवय लपवायला धडपडतो. बाळंतिणीला पहिला घोट द्यायचा हा रिवाज मात्र दोन्हींकडे आहे. का, ते विचारलं तर पुरुष म्हणतात, ‘पद्धत आहे.’ बाया काही बोलत नाहीत.

पुस्तकात हेच यायला हवं. उत्पत्ती सांगायचीच नाही, तिचं साचलेलं पाणी दाखवायचं. पहिल्या भागात अंगठे बांधलेला एक माणूस बाजारातून जाताना दिसला की पुरे. वाचक मनात नोंद करतो. दुसऱ्या भागात पुजाऱ्याची कथा येऊ दे, तीही अर्धीच, पावसाने मोडलेल्या समारंभात. तिसऱ्यात दुष्काळ पाडा. तीन पिढ्यांत पहिल्यांदा तळ्याचा तळ उघडा पडतो आणि तळाच्या कातळावर वीतभर लांबीचा खूर उमटलेला दिसतो. मेंढके नाचतात. पुजारी म्हणतो, कोरलाय कुणीतरी. पाथरवटाला बोलावतात, तो खाचेतून बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘मला काही कळत नाही.’ पण त्या रात्री तो गाव सोडून जातो. आणि त्या खाचेत उरलेलं ओंजळभर पाणी एक म्हातारी कुणाला तरी पाजते. कुणाला, हे तुम्ही ठरवा. पहिल्या भागातली शिक्षा, दुसऱ्यातला समारंभ आणि तिसऱ्यातला तळ असे एका सुतात आले की वाचकाला जग ‘खोल’ वाटतं. चाळीस पानांच्या प्रस्तावनेने ते वाटत नाही.

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. माझ्या पहिल्या मालिकेच्या पहिल्या भागाला मी बावीस पानांचं उपोद्घात-प्रकरण जोडलं होतं. संपादकांनी काढा म्हटलं, मी हट्टाने ठेवलं. त्यात निवेदकाच्या तोंडून ठणकावून लिहिलं होतं की समुद्राच्या आधी चंद्र जन्मला. तिसऱ्या भागात कथानकाला नेमकं उलटं हवं झालं. छापलेलं पुस्तक परत कसं घेणार? शेवटी ‘जुन्या पोथीत लेखनिकाची चूक होती’ असं एक केविलवाणं प्रकरण लिहावं लागलं. वाचकांनी ओळखलं. पत्रं आली, त्यातली काही अजून कपाटात आहेत.

तेव्हापासून एक नियम पाळते. निवेदक जे बोलतो ते लेखकाला बांधून घालतं, पात्र जे बोलतं ते फक्त पात्राला बांधतं. म्हणून सृष्टीकथा कायम पात्राच्या तोंडी. निवेदकाने फक्त डोळ्यांना दिसणारं सांगावं : चंद्र किती, सूर्य कुठून उगवतो, पाऊस कधी येतो, मेलेल्याचं काय करतात. ही यादी पहिला भाग छापायला जाण्याआधी पक्की हवी, तिच्यात तडजोड नाही. बाकीचं पात्रांवर सोडावं. मी त्यासाठी एक लांब वही ठेवते, तलाठ्याच्या नोंदवहीसारखी आडवी. कथेचा तुकडा, तो कोण सांगतं, कुणापुढे, कोणत्या दिवशी, आणि तो मान्य केला तर कुणाचं काय जातं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो तुकडा मी फाडून टाकते, कितीही सुंदर असला तरी.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक कथा हक्कासाठीच असते का? नसते. नासदीय सूक्त बघा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या सात ऋचा, कुणाचा हक्क नाही, कुणाचा पराभव नाही. शेवटी म्हणतं, हे सगळं कुठून आलं ते परम व्योमातून पाहणाऱ्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल. माझा सातबारा इथे लंगडा पडतो, कबूल. पण मला वाटतं, प्रत्येक समाजात असा एखादा माणूस निपजतो जो बाकीच्यांचं भांडण ऐकून विचारतो, ‘अहो, पण तिथे होतं कोण?’ तुमच्या मालिकेत त्याला जरूर जागा द्या. एकच हवा. दोन झाले की कादंबरी परिसंवाद होते.

देव खरोखर आहेत का, हा प्रश्न कल्पनारम्य लेखनात टाळता येत नाही, कारण तिथे देव दारात येऊन उभा राहू शकतो. स्वतःशी ठरवून टाका. आहेत असं ठरवलंत तरी देवाला साक्षीदार समजा, न्यायाधीश नको. त्याचीही आठवण पुसट झालेली असू शकते, त्यालाही काही लपवायचं असू शकतं.

भाषेबद्दल. तुमच्या देवांची नावं तमोध्वज, ज्योतिर्मय, कालांतक. अशी नावं भक्तांच्या तोंडात बसत नाहीत. आपल्या गावांत देव कसे आहेत? म्हसोबा, बिरोबा, मरीआई, खोकलाई. मागे बा किंवा आई लागलं की तो घरातला होतो. खोकल्याची देवी खोकलाई, यात किती जरब आणि किती जवळीक! सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी वारुळाच्या रूपात पुजतात. विश्वाचा आरंभ विराटच असायला हवा असं कुणी सांगितलं? वारुळाएवढा आरंभ पुरतो. पोथीतलं नाव जडच राहू दे, पण पाणी भरताना बाया कालांतकाला काय म्हणतात तेही ठरवा. आणि सांगण्याची ढब आपल्या कहाण्यांकडून उचला. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की प्रस्तावना संपली. ‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ हे ऐकणाऱ्याकडून कबूल करून घेतात. ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’, म्हणजे लांबण लावू नका, असं कहाणी स्वतःच बजावते. आपल्या जगासाठी अशी सुरुवातीची एक आणि शेवटची एक ओळ घडवा. ती ओळ कुणी चुकीची म्हटली की तो परका आहे हे लगेच कळेल. हेर पकडायलासुद्धा उपयोगी पडते!

एक पथ्य. उसनवारीत माणसं नेमकी जिवंत श्रद्धेला हात घालतात. गोंदिया जिल्ह्यात कचारगडच्या गुहेपाशी माघ पौर्णिमेला गोंड लोक दुरून दुरून जमतात. गुहेत कोंडलेल्या देवांना त्यांचा आद्यगुरू पहांदी पारी कुपार लिंगोने सोडवलं, ही त्यांच्या लेखी आजची गोष्ट आहे, आजचं देवस्थान आहे. ती उचलून नावं बदलून वापरू नका. गुहेत कोंडलेले पूर्वज ही कल्पना जगात अनेकांकडे आहे, तिचं यंत्र कसं चालतं ते समजून घ्या आणि आपल्या नकाशावरची वेगळी गुहा शोधा.

आता तुमच्या चाळीस पानांचं. फाडू नका, पण मालिकेत एकही पान घालू नका. युद्धाची अकरा पानं आणि वंशावळ तुमच्या वहीत राहू दे. मला एकतिसाव्या पानावरची एक ओळ मात्र सोडवत नाही, तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात : बारा देव बसले, तेरावा उशिरा आला, त्याला जागा उरली नव्हती, तो अजून उभाच आहे. हा उशीर का झाला, हे सांगणारे दोन पक्ष तुमच्या जगात नक्की असणार. एक म्हणेल तो वाटेत कुणाला तरी उचलून आणत होता, दुसरा म्हणेल त्याला बोलावलंच नव्हतं. तुमच्या राजधानीत कोणत्या घरी जेवताना त्याच्यासाठी एक पाट रिकामा मांडतात, आणि कोणत्या घरी पाहुणा यायच्या आत तो पाट उचलून भिंतीला लावतात, एवढं एक पानभर लिहून पाठवा. देवाचं नाव त्यात नसलं तरी चालेल.